पाचशे त्रेपन्नचा चुकलेला रंग

ऑस्ट्रेलियातल्या येल्टाना गावात दर बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला सात-आठ म्हातारे जुन्या रेल्वे शेडकडे निघाले, की त्यांच्या बायका सुटकेचा निःश्वास सोडतात. आल्बी नॅनकिव्हेलच्या घरी निःश्वास सोडायला कोणी नव्हतं. त्यामुळे तो साडेआठलाच पोचायचा.

एकदा त्याचं लग्न झालं होतं. मार्लीन नावाची बायको चार वर्षं टिकली आणि मग समुद्र आवडतो म्हणून पर्थला निघून गेली. येल्टानापासून समुद्र तसा फक्त दीड तासावर आहे, पण आल्बीनं ते तिला सांगितलं नाही. माणसाला जायचंच असलं तर भूगोल काढून काय उपयोग, असं त्याचं म्हणणं. ही गोष्ट तो हसत हसत सांगायचा, आणि ऐकणारे हसायचे. मग तो घरी जाऊन एका माणसाचा स्वयंपाक करायचा, ज्यात नेहमी दोन माणसांचे बटाटे उकडले जायचे.

शेड पत्र्याची. उन्हाळ्यात आत पाव ठेवला तर दुपारपर्यंत टोस्ट व्हावा, हिवाळ्यात त्याच पावानं खिळा ठोकावा. त्या शेडमध्ये ५५३ क्रमांकाचं डिझेल इंजिन उभं होतं. चौऱ्याऐंशी टन वजन, सोळा सिलिंडर, आणि दुरुस्तीचं अकरावं वर्ष. ‘पुढच्या वर्षी चालू होणार’ हे वाक्य त्यांच्या जुनी इंजिनं दुरुस्त करायच्या क्लबात इतक्यांदा म्हटलं गेलं होतं, की त्याचा अर्थ ‘चहा घेणार का’ इतपतच उरला होता.

वाफेच्या इंजिनावर प्रेम करणं सोपं असतं. ते धूर सोडतं, उसासे टाकतं, लहान मुलं टाळ्या पिटतात. डिझेल इंजिनावर जीव जडायला मनाची घडणच वेगळी लागते. लोखंडी कपाटाला चाकं लावावीत तसा त्याचा चेहरा. पण ज्याला हे वेड लागलं त्याला लागलं. ही माणसं चारशे किलोमीटर गाडी हाकत जातात, ती एखादं जुनं इंजिन जागच्या जागी घरघरताना ऐकायला. ऐकतात आणि परत येतात. बायकोनं विचारलं, “काय पाहिलंत?” तर आधी सांगण्यासारखं काही सापडत नाही, आणि एकदा सापडलं की थांबता येत नाही.

यंत्राच्या बाबतीत ही मंडळी तशी उदार. पंप दुसऱ्याच इंजिनाचा बसवला तरी चालतो, कारण तो आत असतो. पण रंग! रंग बाहेर असतो आणि रंगाला क्षमा नाही. अंगावरचा रुपेरी पट्टा सहा इंची की पावणेसहा, यावरून दोन सभासदांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. दोघं चहाला एकाच टेबलावर बसायचे आणि साखर तिसऱ्याकडून मागायचे.

आल्बी या क्लबचा रंगारी. वय शहात्तर. एकोणिसाव्या वर्षी तो इथल्याच रेल्वे वर्कशॉपच्या रंगखात्यात शिकाऊ होता. वर्कशॉप बंद पडल्यावर गावात पाट्या रंगवायला लागला. खाटकापासून दंतवैद्यापर्यंत येल्टानातली प्रत्येक पाटी त्याच्या हातची होती. मग छापील स्टिकर आले, आणि सगळ्या गावाचं अक्षर एकसारखं झालं.

त्या मार्च महिन्यात क्लबच्या सभेत ठरलं, की इंजिन जन्माला आलं तेव्हाच्या रंगात रंगवायचं. किरमिजी अंग, रुपेरी पट्टे. सभा ग्लेनिसनं चालवली. ग्लेनिसनं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. मागे न बघता पन्नास पोरांना गप्प बसवायची तिची सवय आठ म्हाताऱ्यांना पुरून उरायची. ठराव एकमतानं झाला. फक्त आल्बीनं हात वर करायला जरा वेळ लावला, पण खांदा धरला असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

जुना रंग शोधायची या लोकांची एक रीत आहे. इंजिनाच्या अंगावर बशीएवढी जागा घ्यायची आणि ओल्या पॉलिशपेपरनं गोल गोल घासत राहायचं. घाई करायची नाही. हळूहळू एकाखाली एक रंगाची कडी दिसायला लागतात, झाडाच्या खोडात दिसतात तशी. याला ते ‘खिडकी पाडणं’ म्हणतात. आल्बीनं ड्रायव्हरच्या दाराखाली खिडकी पाडली. वर शेवटच्या मालकाचा निळा, त्याखाली हिरवा, मग पिवळा, आणि पिवळ्याखाली किरमिजी.

पण ते किरमिजी नव्हतं.

ट्रेव्हर फेलबर्ग वाकून बघायला लागला. ट्रेव्हरचं गावात औषधांचं दुकान होतं. आता ते विकून तो क्लबचा इतिहासकार झाला होता. चाळीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचल्यामुळे असेल, त्याचा माणसाच्या बोलण्यावर विश्वास नसायचा, लिहिलेल्यावर असायचा. त्यानं खिशातून रेल्वेच्या अधिकृत रंगाचं कार्ड काढलं आणि खिडकीवर धरलं.

“हे भलतंच लाल आहे,” तो म्हणाला.

“तसंच होतं ते,” आल्बी म्हणाला. म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं.

“शक्य नाही. उन्हानं उडालाय रंग.”

इंजिनाखालून स्पडचा आवाज आला. स्पड म्हणजे बटाटा. क्लबचा मेकॅनिक. त्याचं खरं नाव त्याच्या आईला ठाऊक असावं, पण ती वारली होती. “तीन थरांच्या खाली जाऊन ऊन बसलं होय रे ट्रेव्हर? या छपरातून पाऊससुद्धा इतका हुशारीनं येत नाही.”

“मग अस्तराचा लाल असेल.”

“अस्तर करडं होतं,” आल्बी म्हणाला. “बघ, दिसतंय खाली.”

ट्रेव्हरनं चष्मा पुसला. “कारखान्याची पितळी पाटी आहे ना बाजूला? ती रंग झाल्यावर लावतात. नंतर प्रत्येकानं तिच्या भोवतीनं रंगवलं. मागचा रंग पहिल्या दिवसाचाच असणार. ती काढू.”

आल्बीला हे ट्रेव्हरच्या आधीपासून माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी हे इंजिन भंगारातून येल्टानाला आलं, त्या दिवसापासून माहीत होतं. त्यासाठीच तो क्लबात आला होता. तो रंग वर आला तर बोलावं लागेल, आणि वर आला नाही तर कधीच बोलता येणार नाही, हे त्यानं मनाशी इतक्या वेळा घोळवलं होतं, की त्यातली भीती कुठली आणि आशा कुठली हे आता त्यालाच कळत नव्हतं.

पाटीचे चार स्क्रू गंजले होते. स्पडनं शिव्या देत एकेक काढला. पाटी सुटली. मागे चौकोनभर रंग होता, सत्तावन्न वर्षं ऊन न पाहिलेला, ओला वाटावा इतका ताजा. बर्गरमधून बीटाची चकती निसटून शर्टावर पडते, तो रंग.

“अरे बापरे,” ट्रेव्हर म्हणाला. “बीट.”

वर्कशॉपात त्या इंजिनाला हेच नाव पडलं होतं.

“मी शुक्रवारी अ‍ॅडलेडला जातो,” ट्रेव्हर म्हणाला. “अभिलेखागारात काहीतरी असणारच.” त्याच्या डोळ्यात नव्या लग्नासारखी चमक होती.

*

एकोणीसशे चौसष्टच्या जूनमध्ये आल्बीला रंगखात्यात येऊन दहा महिने झाले होते. त्याला व्हितास गुडेलिसच्या हाताखाली दिलं होतं. व्हितास लिथुआनियाचा. चाळिशी उलटलेला. लढाईत त्याचं घर, गाव आणि घरातली माणसं गेली, आणि तो एका बोटीत बसून इथे आला. वर्कशॉपात त्याला सगळे ‘व्हिक’ म्हणायचे, कारण पूर्ण नाव म्हणायला जीभ जड होत होती. तो डब्यात काळा पाव आणि खारवलेला मासा आणायचा. डबा उघडला, की शेजारचे बाक रिकामे व्हायचे. आल्बीही आधी उठून जायचा. मग एकदा घरून पेस्टी, म्हणजे खिम्याची भाजलेली करंजी, आणायची राहिली, आणि तो मासा त्याला खाऊन बघावा लागला. त्यानंतर उठला नाही.

व्हितासनं त्याला रेघ ओढायला शिकवली. लांब केसांचा ब्रश, मनगट सैल. “श्वास सोडताना ओढ, पोरा. घेताना नाही. घेताना माणूस घाबरलेला असतो.” त्याचं बोलणं असं अडखळत यायचं, पण रेघ कधी अडखळली नाही.

त्या शुक्रवारी व्हितासला दाढ काढायला जायचं होतं. जाताना तो म्हणाला, “किरमिजी कमी पडणार आहे. मी दुपारी येतो, मग कालवू. तू हात लावू नकोस.”

आल्बीला चार वाजता फुटबॉलच्या सरावाला जायचं होतं. पाचशे त्रेपन्न त्याच दिवशी पुरं व्हायला हवं होतं. किरमिजीचं पिंप दोन तृतीयांश भरलेलं. मांडणीवर आणखी एक पिंप होतं, अंगावर रंगाचे ओघळ आलेले, लेबल झाकलं गेलेलं. झाकण उघडलं, तर आतलं लालच होतं. जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा, शेडमधल्या त्या मंद उजेडात सगळं लाल सारखंच लाल. त्यानं एक भाग त्यातला ओतला, ढवळलं आणि फवारायला सुरुवात केली. त्या दुसऱ्या पिंपातला रंग इंजिनाच्या पुढच्या आडव्या पट्टीसाठीचा होता, लांबून दिसावा म्हणून मुद्दाम भडक.

व्हितास गाल सुजवून परत आला तोवर एक बाजू झाली होती. दिव्याखाली त्यालाही काही वेगळं दिसलं नाही, शिवाय दाढ ठणकत होती. त्यानं रुपेरी पट्टे ओढले. सोमवारी इंजिन उन्हात बाहेर काढलं आणि सबंध वर्कशॉप हसायला लागलं. लोहारखात्यातून माणसं बघायला आली. कोणीतरी ओरडलं, “सॅलड तयार आहे!”

फोरमन हसत नव्हता. तो दोघांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. “कोणी कालवला?”

आल्बीनं तोंड उघडलं. ते उघडलं होतं, हे तो आजही शपथेवर सांगेल. पण त्यातून आवाज निघायच्या आत व्हितास म्हणाला, “मी.”

“तुला इतकी अक्कल नाही?”

“दाढ दुखत होती.”

फोरमननं चूक-वहीत लिहिलं. पुढच्या आठवड्यात व्हितासला उत्तरेकडच्या पूल रंगवणाऱ्या टोळीत धाडलं. तिथली माणसं मालगाडीच्या वाघिणीत राहायची, पाणी टाकीतून यायचं आणि माश्या फुकट. जायच्या आदल्या दिवशी आल्बी त्याला म्हणाला, “मी सांगतो त्यांना.”

“नको,” व्हितास म्हणाला. “तुला इथं चाळीस वर्षं काढायची आहेत. मला काय, पूल तर पूल. तिकडे निदान माशाच्या वासावरून कोणी बोलणार नाही.”

आल्बीनं सांगितलं नाही. पत्र लिहीन म्हणाला होता, तेही लिहिलं नाही. आधी काय लिहावं कळेना, मग उशीर झाला, मग उशीर झाल्याची लाज वाटायला लागली. असं करता करता माणूस सहज शहात्तर वर्षांचा होतो.

*

ट्रेव्हर अ‍ॅडलेडहून आला तो बुधवारच्या दहाच्या चहाला थेट शेडमध्येच शिरला. हातात एका पानाची नक्कल, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जणू ती श्वास घेत होती.

“ऐका,” तो म्हणाला आणि उभा राहून वाचलं. “‘पंधरा जून एकोणीसशे चौसष्ट. इंजिन पाचशे त्रेपन्न. रंगाची छटा चुकीची. मिश्रण व्ही. गुडेलिस, रंगारी. स्वतः कबूल. पूल-टोळीत बदली.’ मंडळी, कळतंय का? हे एकच इंजिन! चुकीच्या रंगात पाच वर्षं धावलेलं, आणि कागदोपत्री सिद्ध! अख्ख्या देशात दुसरं नाही!”

टेबलावर एकच गलका झाला. या छंदात बरोबर रंगाची इंजिनं पैशाला पासरी. चुकीचं म्हणजे रत्न. सहा इंच आणि पावणेसहा इंच या दोघांनी तीन वर्षांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघून मान हलवली. ग्लेनिसनं लॅमिंग्टन केकचा दुसरा डबा उघडला. ठराव तिथल्या तिथे बदलला. इंजिन बीटाच्याच रंगात रंगवायचं, आणि शेजारी एक मोठी पाटी लावायची.

“मजकूर मी देतो,” ट्रेव्हर म्हणाला. “‘रंगारी गुडेलिस यांच्या हातून झालेली प्रसिद्ध चूक.’ पाटी आल्बी रंगवेल. काय आल्बी?”

आल्बीनं कप खाली ठेवला. सत्तावन्न वर्षं ज्या वाक्याची तालीम केली होती ते निघालं, तेव्हा अगदीच तीन-चार शब्दांचं निघालं.

“ते मी केलं होतं.”

“काय?”

“रंग मी कालवला होता. व्हितास दाढ काढायला गेला होता. मी थांबलो नाही.”

ट्रेव्हरनं सावकाश खिशातून वही काढली, पेन काढलं आणि आल्बीच्या समोर बसला.

“प्रमाण काय होतं?” ट्रेव्हरनं विचारलं.

“आं?”

“किती किरमिजी, किती लाल?”

“दोनास एक. अंदाजानं.”

“दोनास एक,” ट्रेव्हरनं लिहिलं. “लाल कुठला? पुढच्या पट्टीचा? तेलातला की सेल्युलोजचा? पातळ करायला काय वापरलंस?”

“ट्रेव्हर, मी काय सांगतोय ते ऐकतोयस का? माझ्या चुकीपायी त्याची बदली झाली. तो गप्प राहिला आणि मीही गप्प राहिलो.”

ट्रेव्हरनं वही मिटली आणि आल्बीच्या खांद्यावर हात ठेवला. औषध घ्यायला विसरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या खांद्यावर तो तसाच हात ठेवायचा. “आल्बी, जुन्या मित्राचं नाव खराब होऊ नये म्हणून तू पुढे होतोयस. मन मोठं आहे तुझं. पण कागद तो कागद. त्यात ‘स्वतः कबूल’ लिहिलंय. आणि शिकाऊ मुलाला मिश्रणाला हात लावू देत नसत. नियमपुस्तकात आहे, माझ्याकडे प्रत आहे.”

“म्हणूनच तर चूक झाली ना!”

“तुला इतक्या वर्षांनी नीट आठवत नसेल,” ट्रेव्हर हळुवारपणे म्हणाला. हा हळुवारपणा आल्बीला शिवीपेक्षा जास्त लागला.

मग स्पड हसला. “लबाड म्हाताऱ्या! लोक हसत होते तोवर ही चूक कोणाला नको होती. आता पाटीवर नाव यायला लागलं, तर म्हणे मीच केली!”

सगळे हसले. वाईट मनानं कोणीच हसलं नाही. म्हणून तर आल्बीलाही हसावं लागलं. तो उठला, कप विसळला, पालथा घातला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बाराच्या आत घरी गेला. घरी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की दुसऱ्या कोणाला सांगावं असं कोणी नाही. ज्यांनी ते इंजिन उन्हात बघितलं होतं, त्या साठ-सत्तर माणसांपैकी एकाचंही नाव आता टेलिफोनच्या वहीत नव्हतं. शेवटचा लोहार मागच्या हिवाळ्यात गेला. इतकं मोठं वर्कशॉप, आणि साक्षीला एक बशीएवढी खिडकी.

*

हिवाळाभर रंगाचं काम चाललं. रंग आल्बीनं एकट्यानं कालवला. दोनास एक. मदतीला ट्रेव्हर मोजपात्र घेऊन आला होता, त्याला त्यानं घरी पाठवलं. काठीनं ढवळताना मधल्या एका क्षणी लाल किरमिजीत शिरतं आणि पिंपात हुबेहूब तोच रंग वळसे घेत वर येतो. आल्बी थोडा वेळ ढवळायचा थांबला. मग पुन्हा ढवळलं, कारण रंग वाट बघत नाही.

या वेळी त्यानं चूक जाणूनबुजून, काळजीपूर्वक, तीन हात देऊन केली. पट्टे हातानं ओढले. पावणेसहा इंची. (सहा इंचवाला आला, मोजून गेला आणि त्यानं पुन्हा बोलणं बंद केलं.)

पाटीचा फळा त्यानं घरी नेला. ट्रेव्हरनं टाइप केलेला मजकूर स्वयंपाकघरातल्या खिडकीला चिकटवला आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत चहा प्याला. तिसऱ्या दिवशी तो कागद काढून खणात ठेवला. खडूनं आडव्या रेषा आखल्या. पिवळट पांढऱ्या रंगात, सावली दिलेल्या जुन्या वळणाच्या अक्षरात त्यानं लिहिलं:

‘१९६४ साली या इंजिनाचा रंग शिकाऊ रंगारी आल्बर्ट नॅनकिव्हेल याने चुकीचा कालवला. दोष व्हितास गुडेलिस यांनी स्वतःवर घेतला. त्यांची बदली झाली. नॅनकिव्हेल गप्प राहिला.’

बुधवारी त्यानं पाटी शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली. ट्रेव्हरनं वाचली आणि तो लाल झाला. दोनास एक नाही, शुद्ध लाल.

“हे असं चालणार नाही! हा इतिहास आहे! इथं कोणाला वाटेल ते लिहिता येत नाही!”

“मला वाटतं ते नाही,” आल्बी म्हणाला. “मी केलं ते लिहिलंय.”

“पुरावा?”

“मी आहे ना.”

“तू म्हणजे पुरावा नव्हे, आल्बी!”

ग्लेनिस मघापासून पाटीसमोर उभी होती. तिनं शेवटची ओळ दुसऱ्यांदा वाचली असावी, कारण तिचे ओठ हलले. “ट्रेव्हर,” ती मागे न बघता म्हणाली, “ती शिडी आण आणि या टोकाला धर.”

“पण ग्लेनिस...”

“शिडी.”

ट्रेव्हरनं शिडी आणली. पाटी लागली. तो हार मानणाऱ्यातला नव्हता. पुढच्या बुधवारी पाटीच्या खाली टाइप केलेली एक छोटी पट्टी चिकटलेली दिसली: ‘वरील मजकूर अभिलेखागारातील नोंदीशी जुळत नाही. इतिहास विभाग.’ इतिहास विभागात ट्रेव्हर एकटाच होता.

स्पड दुपारी हात पुसत आला, पाटीसमोर उभा राहिला, मान खाजवली. “मी त्या दिवशी जरा...” तो म्हणाला.

“असू दे.”

“नाही, म्हणजे...” तो बराच वेळ योग्य शब्द शोधत राहिला. “पट्टे झकास आलेत,” असं म्हणून इंजिनाखाली गेला. येल्टानात पुरुष याहून जास्त माफी मागत नाहीत.

*

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी इंजिन बाहेर निघालं. अ‍ॅडलेडपासून माणसं आली होती, कोणी थेट मेलबर्नहून रात्रभर गाडी चालवून. भाजलेल्या सॉसेजचा धूर, चर्चच्या बायकांच्या पेस्ट्या, टेकाडावर तिपाया मांडून बसलेले फोटोवाले. पाचशे त्रेपन्न उन्हात आलं आणि गर्दीतून ‘आहाहा’ असा आवाज उठला. आल्बी इंजिनाच्या पायरीशी उभा होता, फडकं हातात घेऊन. हा आवाज ऐकायला तो तयार नव्हता. याच इंजिनाला याच उन्हात माणसं हसली होती, तो आवाज त्यानं ऐकला होता.

“काका!” टेकाडावरून कोणीतरी ओरडलं. “जरा बाजूला व्हाल का? फोटोत येताय!”

“बाजूला, बाजूला!” आणखी पाच-सहा जणांनी साथ दिली.

आल्बी बाजूला झाला. आणखी थोडा झाला. असं होता होता शेडच्या भिंतीपाशी आला, पाटीखाली. इथे कोणी नव्हतं. पाटी वाचायला थांबलेलं माणूस सकाळपासून त्यानं एकच पाहिलं होतं, आणि तेही खालची इतिहास विभागाची पट्टी वाचून ‘चुकीची आहे वाटतं’ म्हणून निघून गेलं होतं.

थोड्या वेळानं एक बाई आली. साठीची, डोक्यावर ऊन चुकवायची मोठी टोपी, चेहऱ्यावर आगगाडीवेड्याच्या बायकोचा कायमचा समजूतदार कंटाळा. सावली शोधत आली होती. करायला काही नव्हतं म्हणून तिनं पाटी वाचली. पुरी वाचली. मग त्याच्या शर्टावरचा नावाचा बिल्ला वाचला.

“हे तुम्हीच?”

“हो.”

“मग त्यांचं काय झालं? गुडेलिसांचं?”

सत्तावन्न वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. क्लबात सगळ्यांनी प्रमाण विचारलं, तेलाचा रंग की सेल्युलोजचा ते विचारलं.

“उत्तरेला पूल रंगवायचा,” तो म्हणाला. “तीन-एक वर्षांनी ती टोळी मोडली. पुढचं माहीत नाही.”

“शोधलं नाहीत?”

“नाही.”

“का हो?”

आल्बीनं फडक्याची घडी घातली, उलगडली. काहीतरी विनोदी बोलून वेळ मारून नेता आली असती. मार्लीनचा समुद्र होताच. पण बाई टोपी सावरत थांबली होती, खरोखरच उत्तरासाठी.

“सापडला असता म्हणून,” तो म्हणाला.

बाईनं मान हलवली. ‘अरेरे’ म्हणाली नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. ती काहीतरी बोलणार होती, इतक्यात गर्दीच्या पलीकडून एक पुरुष हात हलवत ओरडला, “आयव्ही! अगं आयव्ही, चालू करतायत! लवकर ये, हा आवाज पुन्हा मिळायचा नाही!”

“दर महिन्याला एक तरी आवाज पुन्हा मिळायचा नसतो,” ती आल्बीला म्हणाली आणि निघाली. चार पावलांवर थांबून ती वळली, आणि तिनं काहीतरी विचारलं किंवा सांगितलं. नेमक्या त्याच क्षणी सोळाच्या सोळा सिलिंडर पेटले. काळा धूर सरळ वर गेला, पायाखालची खडी थरथरली, टेकाडावर लोकांनी आरोळ्या ठोकल्या. आल्बीनं कानामागे हात धरला. बाईचे ओठ हलताना दिसले. मग ती हसली, हात केला आणि रूळ ओलांडून पलीकडे गेली.

भोंगा वाजला. पाचशे त्रेपन्न हललं आणि आल्बीच्या समोरून सरकायला लागलं, आधी पुढची भडक पट्टी, मग दार, मग किरमिजीहून जरा जास्त लाल असं ते लांबच लांब अंग, त्यावरून न थरथरता गेलेले पट्टे. तो मोजत होता की नुसता बघत होता, त्याला सांगता आलं नसतं. इंजिनाचं शेवटचं टोक निघून गेलं आणि रुळापलीकडची माणसं एकदम दिसायला लागली, शे-दोनशे माणसं, त्यांच्यात कुठेतरी ती मोठी टोपी, आणि सगळ्यांच्या माना इंजिन गेलं त्या बाजूला वळलेल्या होत्या.